पंधरा घरांची प्रार्थना

एका रविवारी मिस्साबली संपल्यावर मी एक पत्रक वाचून दाखविले. श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी एक दिवस उपवास व प्रार्थना करावी, असे आवाहन त्यात होते. आमचा घाटंजीचा मेळावा लहान आहे. पोरेबाळे धरून सारे जण एका खोलीत मावतात. पत्रक वाचून झाले, सर्वांनी माना डोलावल्या आणि मंडळी आपापल्या घराकडे वळली. कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. कोणालाही थांबायला सवड नव्हती. एक आजी तेवढ्या मागे राहिल्या. चप्पल पायात सरकवता सरकवता त्यांनी विचारले, "फादर, प्रार्थना तं करतो जी आम्ही. पन देवाले मागाचं काय? ते लोक थांबावे हे, का आपन टिकावं हे?"

मी काहीतरी उत्तर दिले. 'दोन्हीही मागा, आजी,' असे म्हणालो असेन. आजींचे समाधान झाले की नाही ठाऊक नाही. माझे मात्र झाले नाही. सेमिनरीत ईशज्ञानाचे धडे गिरवून आणि तीसेक वर्षे वेदीवर उभे राहूनही एका अक्षरशत्रू आजीच्या प्रश्नाला धड उत्तर देता येऊ नये, याची खंत मनात राहिली. पुढील विचार त्या खंतीतून आलेले आहेत.

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रोमची रंगभूमी येते, सिंह येतात. वस्तुतः आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच सातशे वर्षांपूर्वी श्रद्धेपायी रक्त सांडले आहे. 1321 सालच्या एप्रिल महिन्यातील ही घटना. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी समुद्रमार्गाने ठाण्याला येऊन पोहोचले. टोलेंतिनोचे टॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दुभाष्याचे काम करणारे ब्रदर डेमेट्रियस अशी त्यांची नावे. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. त्या गावात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. ही मंडळी पूर्वेकडील सिरियन परंपरेची, ज्यांना नेस्टोरियन म्हणत, त्यांच्यातली. रोमच्या ख्रिस्तसभेशी त्यांचे सख्य नव्हते. तरीही अनोळखी पाहुण्यांना त्यांनी आपल्या घरात आसरा दिला.

पुढचे सारे एका घरगुती भांडणातून उद्भवले. यजमानाने बायकोला मारहाण केली. ती काझीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून तिने घरातील परदेशी पाहुण्यांचे नाव घेतले. त्यांना दरबारात बोलावण्यात आले. तेथे प्रश्न मारहाणीचा राहिला नाही, धर्माचा झाला. इस्लामच्या प्रेषिताविषयी तुमचे मत काय, असे टॉमस यांना पुन्हा पुन्हा विचारण्यात आले आणि अखेर त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत उत्तर दिले. टॉमस, जेम्स व डेमेट्रियस यांना रात्रीच्या वेळी ठार करण्यात आले; पीटर यांना दोन दिवसांनी. डोमिनिकन संन्यासी जॉर्डानस यांनी मृतदेहांना सोपाऱ्याला मूठमाती दिली. नंतर ओडोरिक नावाचे दुसरे फ्रान्सिस्कन त्या वाटेने आले, त्यांनी हुतात्म्यांच्या अस्थी उचलल्या आणि त्या आपल्यासोबत चीनला नेल्या. त्यांनी सांगितलेल्या वृत्तांतामुळेच आपल्याला एवढा तपशील मिळतो. टॉमस यांना ख्रिस्तसभेने 1894 साली धन्यवादित घोषित केले.

ही हकीकत वाचताना माझे मन हुतात्म्यांपाशी जितके थबकते तितकेच त्या पंधरा घरांपाशी थबकते. हुतात्म्यांना एकदाच मरण आले. वृत्तांत त्यांच्या अस्थींबरोबर जहाजात बसून पुढे गेला. पंधरा घरे मात्र ठाण्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना त्याच विहिरीवर पाणी भरायचे होते, त्याच बाजारात मीठमिरची घ्यायची होती, त्याच शेजाऱ्यांच्या नजरेला नजर द्यायची होती. त्या रात्री त्या घरांतून दिवे मालवून कोणती प्रार्थना झाली असेल? आमच्या आजींचा प्रश्न हा त्या पंधरा घरांचाच प्रश्न आहे.

या हकीकतीतून पहिली गोष्ट उघड होते ती ही की, साक्ष देणे आणि दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाचा अवमान करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. टॉमस यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. कोणाच्याही शब्दांसाठी त्याचा जीव घेणे हा अधर्मच होय. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी अन्य धर्मांविषयीचा जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात मुस्लिम बांधवांकडे आदराने पाहायला ख्रिस्तसभेने आपल्याला शिकविले आहे. आपला प्रभू मोठा आहे हे सांगण्यासाठी शेजाऱ्याचे दैवत लहान करावे लागत नाही. आपल्या उद्धट शब्दाची किंमत पुष्कळदा आपण भरत नाही, मागे राहणारी पंधरा घरे भरतात. छळासाठी प्रार्थना करणाऱ्याने आपल्या जिभेसाठीही प्रार्थना करावी.

दुसरी गोष्ट आपल्याच इतिहासाची आहे आणि ती अधिक अवघड आहे. 25 जुलै 1583 रोजी गोव्यातील कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांना आपण हुतात्मे मानतो. पण त्याआधी पोर्तुगीजांनी तेथील मंदिरे पाडली होती आणि त्यानंतर वाटाघाटीच्या निमित्ताने गावकऱ्यांच्या म्होरक्यांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून दगाफटक्याने ठार केले, हेही तितकेच खरे आहे. गोव्यात 1560 साली आलेले इन्क्विझिशन 1812 साली कायमचे बंद झाले. सत्ता हाती असताना ख्रिस्ती नाव सांगणाऱ्यांनीही छळ केला. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अशा अपराधांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. आपण अल्पसंख्य आहोत म्हणून आपोआप निर्मळ ठरत नाही. छळाचे मूळ कोण्या एका धर्मात नाही. ते बळाच्या मस्तीत व मनातील भीतीत आहे, आणि ती माती आपल्याही अंतःकरणात आहे. हे ओळखणाऱ्याची प्रार्थना तक्रारीचा अर्ज राहत नाही. तिच्यात पश्चात्तापही येतो.

तिसरी गोष्ट आपल्या भागाशी निगडित आहे. 1954 साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राजधानी तेव्हा नागपूर होती आणि आपला यवतमाळ जिल्हाही त्याच राज्यात मोडत होता. 1956 साली आलेल्या अहवालाने मिशनऱ्यांच्या शाळा, दवाखाने व सेवाकार्य यांकडे संशयाने पाहिले. तो संशय आजही गावोगाव जिवंत आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा नियोगींनीही ती स्वीकारली. माणसाचा विवेक त्याला एका श्रद्धेकडून दुसरीकडे नेऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या आचरणाने दाखवून दिली. संशयाला उत्तर द्यायचे तर आधी आपला व्यवहार स्वच्छ हवा. भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हे पाप आहे, मग ते कायद्यात सापडो वा न सापडो. आणि व्यवहार स्वच्छ असल्यावर मान खाली घालण्याचे कारण नाही. भारतीय राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकाचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. ते कोणी भीक म्हणून घातलेले नाही.

येथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आम्ही काही जण गाणी म्हणत जवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. तेथे चारपाच तरुणांनी वाट अडविली. येथे कशाला आलात, कोणाला बाटवायला आलात, असे विचारले. धक्काबुक्की झाली नाही. पण गिटार घेतलेल्या मुलाचे हात थरथरत होते ते मी पाहिले. आम्ही परत फिरलो. पुढच्या वर्षी मी गाण्यांचा कार्यक्रमच रद्द केला. कारण विचारणाऱ्यांना म्हणालो, 'थंडी फार आहे. चर्चमध्येच बसून त्या तरुणांसाठी प्रार्थना करू.' लोकांना वाटले, फादर किती क्षमाशील! खरे म्हणजे फादर घाबरले होते. मी भीतीला प्रार्थनेचा झगा घातला होता.

त्या अनुभवाने मला शिकविले की, प्रार्थना ही पळवाट होऊ शकते. प्रभू येशूने शत्रूंवर प्रीती करण्याची आज्ञा दिली आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले, हे आपण जाणतो. परंतु महायाजकासमोर एका शिपायाने चपराक मारली तेव्हा तोच प्रभू निमूट राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर तसे दाखवून दे, नसेन तर का मारतोस, असा सरळ सवाल त्याने केला. संत पौलाने फटके बसण्यापूर्वी आपल्या रोमन नागरिकत्वाची आठवण करून दिली आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. दोघांनी द्वेष केला नाही, पण अन्यायाला न्याय असेही म्हटले नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविणे आणि त्याच संध्याकाळी आरोपीसाठी जपमाळ म्हणणे यांत विसंगती नाही.

हे बोलायला सोपे आहे. ते जगून दाखविले एका कुटुंबाने. केरळमधून आलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातील उदयनगर भागात भूमिहीन शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्याचे काम करीत. हितसंबंध दुखावलेल्यांनी त्यांच्यावर मारेकरी घातला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, प्रवाशांनी भरलेल्या बसमधून ओढून, समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. शरीरावर 50 हून अधिक जखमा होत्या. खटला चालला, शिक्षा झाली. ते योग्यच होते. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला तिने राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानेच संमती दिली आणि 2006 साली तो बाहेर आला. नंतर केरळला त्यांच्या घरी जाऊन त्याने आईवडिलांची क्षमा मागितली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा त्या समारंभाला समंदरसिंह हजर होता. संत स्तेफनाने मरता मरता जी प्रार्थना केली, ती त्याच्या मारेकऱ्यांची वस्त्रे राखीत बसलेल्या शौलाच्या बाबतीत फळास आली, असे ख्रिस्तसभा परंपरेने मानते. ती प्रार्थना अजून फळते आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. ते थांबावेत हे मागायचे, की आपण टिकावे हे? आज मी असे उत्तर देईन: आजी, ते थांबावेत हे जरूर मागा, कारण अन्याय करणाऱ्याचेही त्यात भले आहे, अन्याय करता करता माणूस आतून मरत असतो. आपण टिकावे हेही मागा. परंतु टिकणे म्हणजे नुसते उरणे नव्हे. भीतीने दार लावून आपण उरलो, किंवा मनात विष साठवून उरलो, तर ख्रिस्ती म्हणून आपण टिकलो नाही. आणि या दोन्हींच्या आधी आणखी एक मागणे आहे: त्यांचे आणि आपले नाव एकाच प्रार्थनेत घेता यावे.

म्हणून आमच्या लहानशा मेळाव्यात आता एक प्रथा सुरू केली आहे. रविवारच्या विनंत्यांमध्ये छळ सोसणाऱ्या बांधवांनंतर आम्ही छळणाऱ्यांसाठी एक विनंती करतो आणि तिसरी आमच्या शेजाऱ्यांसाठी: कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यासाठी, पोडावरच्या कोलाम कुटुंबासाठी, तांड्यावरच्या आजारी म्हातारीसाठी. केवळ स्वतःपुरती प्रार्थना करणारा अल्पसंख्य समाज आणखी लहान होत जातो. ज्या गावात आपण पंधरा घरे आहोत, त्या अवघ्या गावाचे ओझे देवापुढे नेणे हेच आपले काम.

गेल्या नाताळच्या आधी मी त्या वस्तीवर एकटाच गेलो. अडविणाऱ्या तरुणांपैकी एकाच्या वडिलांना भेटलो, चहा घेतला आणि आम्ही काय गातो, कशासाठी गातो, ते सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले व म्हणाले, "आमच्या घरी या ना फादर, इतरांचं मले सांगता येत नाही." त्या रात्री आम्ही एकाच अंगणात गायलो. गिटारवाल्या मुलाचे हात थोडे थरथरत होते. माझेही. आजी मात्र पुढे बसून टाळ्या वाजवीत होत्या.