घोडा कुणाचा?

गेल्या महिन्यात एका कॉलेजातल्या मुलामुलींशी ऑनलाइन गप्पा मारायच्या होत्या. विषय त्यांनीच ठरवला होता : फ्रीलान्स काम आणि अनिश्चित काळाशी जुळवून घेण्याची सवय. मी नऊ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, नोकरी एकदाही केलेली नाही. त्यामुळे यावर बोलायला मीच योग्य, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

चांगली बोलले मी. २०२०चा मार्च सांगितला. तोवर माझं बहुतेक काम हॉटेलं आणि सहलींच्या वेबसाइटचं होतं. ते आठवड्याभरात शून्यावर आलं. दीड महिना नुसतं मेल उघडायचं आणि बंद करायचं. मग एकीने विचारलं, सबटायटल्स जमतील का? जमत नव्हती, पण हो म्हणाले आणि तीन रात्री बसून शिकले. पडद्यावर दोनच ओळी, त्याही संवाद पुढे सरकायच्या आत वाचून व्हायला हव्यात. इंग्रजीतल्या 'यू'चं तू करायचं की तुम्ही, हे त्या दोघांचं नातं कळल्याशिवाय ठरत नाही, आणि नातं कधीकधी तिसऱ्या भागात कळतं. मग मागे जाऊन सगळं बदला. पुढे ऑनलाइन कोर्सच्या स्क्रिप्ट्स आल्या, मग एका ॲपची बटणं आली. यातून मी खरंच काहीतरी कमावलं. काम गेलं की आता हातपाय गळत नाहीत. नवं काही समोर आलं की आधी धडकी भरते, मग हात आपोआप चालू लागतात. हे मी आजही नाकारणार नाही.

शेवटी एका मुलीने विचारलं, "ताई, त्या दीड महिन्यात भाडं कसं भरलंत?"

"भाडं नव्हतं," मी म्हटलं. "मी आईबाबांकडे राहते."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिने माइक बंद केला.

तो 'अच्छा' अजून कानात आहे.

माझ्याबरोबर सुरुवात केलेली एक मैत्रीण आहे, लातूरकडची. पुण्यात कॉट बेसिसवर राहायची. भाषांतर माझ्यापेक्षा चांगलं करायची. हे मी नम्रपणे म्हणत नाहीये, तिच्याकडून उचललेले शब्द मी अजून वापरते. सबटायटल्सचं तिलाही विचारलं होतं. पण शिकायला तीन रात्री लागतात, पहिला पैसा हातात पडायला तीन महिने, आणि कॉटचं भाडं दर पाच तारखेला द्यावं लागतं. त्या वर्षी ती गावी परत गेली. आता एका पतसंस्थेत नोकरी करते. माझ्यात जुळवून घ्यायची ताकद होती आणि तिच्यात नव्हती, असं म्हणायचं का? की माझ्याकडे बाबांची पेन्शन होती, एवढंच?

'फ्री लान्स' हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने रूढ केला. मोबदला देईल त्याच्यासाठी भाला उचलणारे स्वार, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे : शिलेदार. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येई. आज 'पक्षाचे शिलेदार' म्हटलं की छाती फुगते, पण त्यामागचा हिशेब कुणी सांगत नाही. लढाईत घोडा पडला, तर बारगिराच्या बाबतीत तो सरकारचा तोटा. शिलेदाराचं मात्र भांडवलच संपायचं. म्हणूनच शिलेदार घोडा धोक्यात घालायला कचरतो, अशी तक्रार त्या पद्धतीबद्दल पुढे होत राहिली. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. मीही कचरते. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यात नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं लिहिलंय, उशिरावर चक्रवाढ व्याजही आहे. माझी नोंदणी आहे. एकदा पाच महिने थकलेल्या बिलासाठी त्या कलमाचा उल्लेख करून अतिशय नम्र मेल पाठवला. पैसे आठवड्यात आले. त्यानंतर तिथून काम आलं नाही. पुन्हा असा मेल मी कुणाला पाठवलेला नाही.

लॅपटॉप माझा, इंटरनेट माझं, इन्व्हर्टर माझा, पाठदुखीही माझी. घोडा माझाच आहे. फक्त त्याचा चारा पेन्शनमधून येतो.

आणि मुळात 'जुळवून घेणं' हे आपल्या घरांत कुणाला सांगितलं जातं, ते आठवून पाहा. सासरी निघालेल्या मुलीला. एखाद्या सासऱ्याला लग्नाच्या आदल्या दिवशी बाजूला घेऊन कुणी 'जरा जुळवून घ्या हं' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. हा गुण आहे, मान्य. पण तो कायम एकाच बाजूकडून मागितला जातो आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं त्यावरून कौतुक होतं. कौतुक स्वस्त पडतं ना.

पण मी नुसतीच सोसणारी आहे असंही नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

२०१७मध्ये गूगलचं न्यूरल पद्धतीचं भाषांतर मराठीत आलं. सुरुवातीला आम्ही त्याच्या चुकांचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवून हसायचो. काही वर्षांनी एका एजन्सीचा मेल आला : यापुढे मशीनने केलेला मजकूर तपासून द्यायचा, दर शब्दाला दीड रुपयाऐवजी साठ पैसे. मी दोन दिवस चिडले आणि मग जुळवून घेतलं. वेग वाढवला, मशीन कुठे हमखास घसरतं ते पाठ केलं, महिन्याचा आकडा जवळपास पूर्वीइतका आणला. स्वतःचा अभिमानही वाटला. पुढे सहा महिन्यांनी एका तरुण भाषांतरकाराशी बोलणं झालं. त्याने तिथेच एक रुपया मागितला होता. उत्तर आलं, "आमचे अनुभवी लोक साठ पैशांत करतात."

ते अनुभवी लोक म्हणजे मी.

मला साठ पैसे परवडतात, कारण मला भाडं नाही. माझी लवचिकता त्याच्यासमोर पट्टी म्हणून धरली गेली, आणि तो त्या पट्टीत बसला नाही. यात मी कुणाला फसवलं नाही, खोटं बोलले नाही. तरी त्याच्या पोटावर पाय आला आणि तो पाय माझाही होता.

रिचर्ड सेनेट या समाजशास्त्रज्ञाने 'द करोजन ऑफ कॅरॅक्टर' या १९९८च्या पुस्तकात लवचिकतेसाठीच्या इंग्रजी शब्दाचं मूळ सांगितलंय. झाड वाऱ्यात वाकतं आणि वारा गेला की परत पहिल्या जागी येतं, या निरीक्षणातून तो शब्द आला. म्हणजे परत येणंही त्या अर्थात होतं. आपण त्यातलं वाकणं तेवढं ठेवलं. साठ पैशांचा दर परत दीड रुपयावर गेला नाही.

शिलेदारी पद्धत इंग्रजांच्या हिंदी घोडदळातही पहिल्या महायुद्धापर्यंत होती, आणि तिथे एक गोष्ट मला फार आवडली. पलटणीतले स्वार पगारातून चंदा भरत. कुणाचा घोडा गेला की त्या फंडातून दुसरा येई. घोडा ज्याचा त्याचाच, पण तो मेल्याचा फटका सगळ्यांनी वाटून घेतलेला.

आम्ही आठ जणांनी जानेवारीपासून भिशी लावली आहे, दरमहा हजार रुपये. नंबर चिठ्ठीने निघत नाही. ज्याचं बिल अडकलं असेल त्याला आधी. आजवर एकाचा मदरबोर्ड झाला आणि एकीच्या खोलीचं डिपॉझिट झालं. लातूरच्या मैत्रिणीलाही विचारलं. ती म्हणाली, "आधी असती तर." पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

भिशीवर आमचं एका संध्याकाळी एकमत झालं. रुपयाच्या खाली कुणीच काम घ्यायचं नाही, हा विषय तीनदा निघाला आणि तीनदा पुढे ढकलला गेला. प्रत्येकाकडे कारण होतं. गेल्या आठवड्यात मी साठ पैशांचं एक काम घेतलंय. ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.