फटीतला कापूस

लाकडी मचव्याच्या डेकवर दोन फळ्यांच्या मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. फळीला फळी घट्ट भिडली की काम झाले, अशी माझी समजूत. गेल्या वैशाखात हर्णैच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या कारागिराजवळ दोन दुपारी बसलो आणि ती समजूत गेली. फायबरच्या होड्या वाढल्यापासून त्याच्या हाताला काम कमी, त्यामुळे बोलायला सवड होती.

लाकूड पाणी पिऊन फुगते, उन्हाने आकसते. फळ्या भिडवून बसवल्या तर फुगताना त्या एकमेकींना रेटतात आणि खिळे सैल होतात. म्हणून वर रुंद, खाली निमुळती अशी फट ठेवायची. तीत कापसाचा वळलेला पेळू बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा. वरून राळ आणि तेल कढवून ओतायचे. थंड झाल्यावर उरलेले खरवडून फळीशी सपाट करायचे. वैशाखात फट रुंदावलेली असते. ठासून भरण्याचा मोह होतो. पण आषाढात तीच फळी फुगणार असते, तिला जागा हवी. कुठे थांबायचे ते ठोक्याचा आवाज सांगतो.

सर्वांत वेळखाऊ काम मात्र भरण्याचे नव्हे, उकरण्याचे. जुना कुजका कापूस आणि राळ पार तळापासून काढल्याशिवाय नवे धरत नाही. मी विचारले, "हे न काढता वरून नवी राळ ओतली तर?"

"कुणाला कळणार नाय, गुरुजी. वरून काळं केलं की सगळ्या फटी सारख्याच."

"मग तुम्ही एवढे कशाला उकरता?"

तो हसला. "आता हात दुसरा पडत नाय," म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.

घरी येताना मी त्या उत्तरावर विचार करीत होतो. तळाला गळती लागली तर पाणी मचव्यात साचते, खलाशाला लगेच कळते. डेकची फट फसवी असते. पावसाचे गोडे पाणी तिच्यातून झिरपते, आतल्या तुळईच्या कडेने वाहत जाते आणि भलतीकडेच ठिबकते. खाऱ्या पाण्यापेक्षा हे गोडे पाणीच लाकूड अधिक कुजवते. काही वर्षांनी तुळई पोकळ झालेली सापडते, तेव्हा फट भरणाऱ्याची आठवणही कोणाला नसते. जिचा माग कधीच लागणार नाही, अशी लबाडी माणसाने का करू नये? देव पाहतो म्हणून? नावाला बट्टा लागेल म्हणून? 1817 साली मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून उभी आहे. ती बांधणाऱ्या वाडियांचे नाव राहिले. तिच्या फळ्यांचे सांधे भरणाऱ्यांचे नाव मी तरी कुठे वाचलेले नाही. नावासाठी ते काम होत नसावे.

हा प्रश्न मला उगाच सुचला नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला वाचता येत नव्हते. मागे जाऊन अक्षरांपासून सुरुवात करायला हवी होती. मी त्याच्याकडून नेमकी दहा उत्तरे पाठ करून घेतली. तो पास झाला. मुलाची अब्रू वाचली, असे मी स्वतःला सांगितले. वर्गाचा निकालही चांगला लागला, हे सांगितले नाही.

तीन वर्षांपूर्वी तो बंदरावर भेटला. खलाशी झाला होता. बाजूला घेऊन त्याने बँकेचा एक कागद पुढे केला. "गुरुजी, चष्मा घरी राहिला. जरा वाचून दाखवता?"

त्याला चष्मा नव्हता. वय जेमतेम पंचवीस. मी कागद वाचून दाखवला; दोघेही चष्म्याबद्दल काही बोललो नाही. माझी लबाडी त्या पोराने माझ्यासमोर झाकली आणि मी ती झाकू दिली.

माझे चुकत होते ते इथे. कोण पाहतो, हा प्रश्नच मुळात चुकीचा. डेकखाली कोण निजतो, हा खरा प्रश्न. फट भरणाऱ्याला त्या माणसाचे नाव ठाऊक नसते. तरी आषाढातल्या एका रात्री त्याच्याच अंथरुणावर पाणी ठिबकणार असते. साक्षीदार नसेल, पण भोगणारा असतोच. मला तर त्याचे नाव ठाऊक होते. वर्षभर रोज हजेरी घेताना मी ते उच्चारले होते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मी त्याच्या घरी गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण फार बोलावे लागले नाही. ते दोन महिने तो संध्याकाळी माझ्याकडे येत होता. पाठ केलेल्या शब्दांवरून तो अंदाजाने पुढे धावायचा. त्याला थांबवून प्रत्येक अक्षरापाशी मागे आणावे लागे. नारळी पौर्णिमेनंतर मचवा पुन्हा समुद्रात गेला, तेव्हा आम्ही जोडाक्षरांपर्यंत पोचलो होतो.