कसे मिळवले?

आमच्या सीमाभागात लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीकडची मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "मुलगा मिळवतो किती?" पूर्वी त्याच्याही आधी "करतो काय?" असे विचारीत. आता तो प्रश्न मागे पडला आहे. आणि "मिळवतो कसे?" असे विचारणे तर उद्धटपणाचे ठरू लागले आहे. हा न विचारलेला प्रश्न माझ्यापुढे एका दहावीच्या विद्यार्थ्याने टाकला, त्याची ही हकीकत.

२०२४ च्या जानेवारीत त्या मुलाची आई शाळेत आली. निपाणीतल्या कितीतरी बायकांप्रमाणे ती विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पाला नि तंबाखू आणि हजार विड्यांवर ठरलेली मजुरी. बचत गटातून उचललेले कर्ज मुलाने फोनवरच्या पैशांच्या खेळात घालवले होते. "सर, गटातल्या बायकांना आता काय तोंड दाखवू ओ?" एवढेच ती म्हणाली.

मी मुलाला बोलावले आणि ठरलेला उपदेश सुरू केला. कष्टाला पर्याय नाही, कष्टाचे फळ मिळतेच, वगैरे. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "सर, आई वीस वरसं कष्टच करतीया. तिला फळ कुठं मिळालं?" आणि थोडे थांबून, "संमेलनात तुम्ही शाल घातली त्या साहेबांनी काय कष्ट केले?"

मी निरुत्तर झालो. महिन्यापूर्वीच्या स्नेहसंमेलनाला आम्ही ज्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले होते, ते चार-पाच वर्षांत जमिनींच्या व्यवहारांतून एकाएकी श्रीमंत झालेले गृहस्थ. त्यांनी शाळेला देणगी दिली होती. ती संपत्ती कशी आली, हे आम्ही विचारले नाही. उलट "यांचा आदर्श घ्या" असे मीच ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते. मुलाने माझे ऐकले होते, एवढाच त्याचा दोष.

झटपट पैशाचा मोह आजच्या पिढीनेच आणला, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. मटक्याचे आकडे लावणारे आमच्याही पिढीत होते. कर्नाटकाने २००७ साली लॉटरी बंद केली, तोपर्यंत तिकीट खिशात ठेवून निकालाची वाट पाहणारे गुरुजीही मी पाहिले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण कायदा दुकान बंद करतो. गिऱ्हाईकाची भूक कायद्याने जात नाही.

ही भूक कशाने शमेल, याचा विचार करताना मला आपल्या बेळगावातला किर्लोस्कर रोड आठवतो. ज्यांच्या आडनावाची आठवण तो रस्ता देतो, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, पण डोळ्यांना रंगांचा फरक नीट कळेना, म्हणून ती वाट सुटली. मग यांत्रिक रेखाटन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. सायकली विकल्या, लोकांना त्या चालवायला शिकवल्या. पुढे कडबा कापायचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर घ्यायला कोणी धजेना. नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली.

ही गोष्ट आपण "शेवटी यश मिळाले" एवढ्यासाठी सांगतो. मला तिचे मर्म मधल्या वर्षांत दिसते. नांगर खपत नव्हता, त्या दिवसांतही लक्ष्मणरावांचा हात तयार होत होता. कारखाना बुडाला असता तरी तो हात त्यांच्याजवळ राहिला असता. लॉटरी लागलेल्या माणसाचे पैसे गेले की तो पूर्वी होता तिथेच येतो, कारण पैसा आला तेव्हा तो स्वतः काहीच झालेला नसतो.

पण एवढ्यावर थांबलो तर त्या मुलाला मी पुन्हा अर्धेच उत्तर दिले, असे होईल. त्याच्या आईचा हातही तयार आहे. डोळे मिटून ती पाला गुंडाळील. तरी ती होती तिथेच आहे. कष्टाने श्रीमंती येतेच, हे आपण मुलांना सांगतो ते खोटे आहे, आणि मुलांना ते कळते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले, ते काही झटपट श्रीमंत व्हायला नव्हे. घामाचा रास्त भाव द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि माणसे मेली. ज्या गावात घामाला भाव मागताना जीव जातो, तिथली पोरे घामाबद्दल शंका घेणारच. त्यांच्या घाईत लोभ असेल, पण अविश्वासही आहे.

आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणारी माणसे. दोन्हींकडे याचे उत्तर आहे. तुकोबांनी धनाला नाही म्हटले नाही; ते उत्तम व्यवहाराने जोडावे आणि उदासपणे खर्चावे, असा त्यांचा आग्रह. कन्नडमधल्या बाराव्या शतकातल्या शरणांनी कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि दासोह, म्हणजे त्यातला वाटा इतरांना देणे, यांची सांगड घातली. दोघांनीही "किती" विचारले नाही, "कसे" विचारले. घाम गाळणाऱ्याला योग्य दाम देणे हेही त्या "कसे"मध्येच येते. तो धडा मुलांच्या आधी आपण मोठ्यांनी गिरवायचा आहे.

पुढच्या संमेलनाला आम्ही उद्यमबागेत लेथवर आयुष्य घालवलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. देणगी आली नाही. त्याने आपण पहिल्या वर्षी किती माल बिघडवला ते सांगितले, मुले खूप हसली. तो मुलगा तेव्हा शाळा सोडून गेला होता. सुट्टीत एका गॅरेजात हाताखाली राहून त्याने आईचे कर्ज फेडले. आठ महिने लागले. माझे सगळे त्याला पटले आहे, असे मात्र नाही. भेटला की विचारतो, "सर, आईची मजुरी कधी वाढणार?" या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, हळदकुंकू वाहून तिलाच लक्ष्मी म्हणतो. यंदा पूजा करताना ती केरसुणी कोणी बांधली आणि तिला काय मिळाले, एवढे घरातल्या मुलांना विचारू द्यावे.