श्रेष्ठ मल्ल कोण? : तारतम्य, अनेकान्त आणि कुस्तीशौकिनांचा वाद

दोन गुणी माणसांपैकी अधिक मोठा कोण, हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटत असला, तरी त्याच्या मुळाशी मूल्य, मापन आणि आदर यांविषयीचे असे प्रश्न असतात की ज्यांचा ऊहापोह भारतीय दर्शनांनी शतकानुशतके केला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील कणकुंबीपासून खानापूर, बेळगाव, चिकोडी आणि निपाणीपर्यंत पसरलेल्या सीमाभागात हा प्रश्न कुस्तीच्या संदर्भात विशेष आवडीने विचारला जातो. या भागात यात्रेच्या निमित्ताने कुस्तीचे फड भरतात, हलगीच्या ठेक्यावर जोडी लागते, आणि फड उठल्यानंतरही आजवरच्या मल्लांमध्ये पहिला मान कोणाचा, हा वाद कुस्तीशौकिनांमध्ये चालूच राहतो. श्रेष्ठत्वाचा परिपूर्ण क्रम लावता येत नाही, तरीही तो लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न हा आदराचाच एक प्रकार असतो. परंतु कर्तृत्वाच्या क्रमाला माणसाच्या मोलाचा क्रम मानले, की तोच प्रयत्न अन्याय्य ठरतो. हे मत येथे मांडावयाचे आहे.

वादाचे स्वरूप समजण्यासाठी त्यात नेहमी घेतली जाणारी काही नावे पाहणे आवश्यक आहे. कराडजवळच्या गोळेश्वर या गावी १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासाच्या खर्चासाठी महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापूर परिसरात आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते आणि दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. दुसरे नाव श्रीपती खंचनाळे यांचे. चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे त्यांचे गाव, तर त्यांच्या कुस्तीची घडण कोल्हापूरच्या तालमीतली. १९५९ मध्ये दिल्ली येथे पंजाबच्या बंतासिंगला हरवून त्यांनी हिंद केसरी हा मातीवरील कुस्तीतील मानाचा किताब मिळवला. पुढच्याच वर्षी हा किताब गणपतराव आंदळकर यांच्याकडे आणि १९६४ मध्ये कवठेपिरानच्या मारुती माने यांच्याकडे आला. आंदळकर आणि माने या दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली होती.

या चौघांपैकी पहिला कोण, असे विचारताच असे लक्षात येते की वाद करणारे एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. ऑलिंपिक पदकाला सर्वोच्च मानणारा शौकीन जगाच्या मैदानावरील स्थान मोजत असतो. निकाली कुस्तीला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला चितपट केल्यावरच संपणाऱ्या कुस्तीला, मानणारा शौकीन गुणांवर जिंकलेल्या लढतीला दुय्यम समजतो. तिसरा मल्लाच्या डावांची संख्या आणि सफाई पाहतो. ढाक, घिस्सा, एकचाक यांसारखे डाव कोणाच्या हातून किती सहज सुटत, हे त्याच्या दृष्टीने निर्णायक असते. चौथा विचारतो की त्या मल्लाने वस्ताद म्हणून पुढची पिढी किती घडवली. ५७ किलोचा मल्ल आणि वजनाचे बंधन नसलेल्या गटातला मल्ल यांची प्रत्यक्ष लढत लागूच शकत नाही, म्हणून त्यांची तुलना नेहमी एखाद्या निकषाच्या, म्हणजे मोजण्याच्या कसोटीच्या, मध्यस्थीनेच होते. आणि निकष कोणता घ्यावा हे फडाच्या निकालातून ठरत नाही, ते विचारानेच ठरवावे लागते.

गटाची सीमा हीसुद्धा गृहीत धरण्यासारखी गोष्ट नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचनेत चिकोडीसह बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्यामुळे १९५९ चे हिंद केसरी खंचनाळे महाराष्ट्राच्या यादीत धरावेत की कर्नाटकाच्या, या प्रश्नाला गाव, तालीम, भाषा आणि प्रशासन यांपैकी कशाला प्रमाण मानावे यानुसार वेगवेगळी उत्तरे मिळतात. क्रम लावण्यापूर्वी ज्यांचा क्रम लावावयाचा तो समूह निश्चित करावा लागतो, आणि तो निश्चित करतानाच क्रमाचा काही भाग नकळत ठरून जातो.

भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतिवर्णन या ठिकाणी मार्गदर्शक ठरते. विभूती म्हणजे ईश्वरी सामर्थ्याचा विशेष आविष्कार. तेथे श्रीकृष्ण पर्वतांमध्ये मेरू, नद्यांमध्ये गंगा आणि वृक्षांमध्ये अश्वत्थ अशी श्रेष्ठांची गणना करतो. या गणनेची रचना अशी की श्रेष्ठत्व बहुधा एकेका वर्गाच्या आत सांगितले जाते. गंगा मोठी की मेरू मोठा, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. शिवाय अध्यायाच्या अखेरीस या विभूतींना अंत नाही आणि जे जे तेजस्वी व सामर्थ्यवान आहे ते ते त्याच तेजाच्या अंशातून उद्भवले आहे, असे सांगून संपूर्ण यादी उदाहरणादाखल असल्याचे स्पष्ट केले आहे. त्यामुळे श्रेष्ठांची नावे घेणे गीतेला वर्ज्य नाही, तिला ते उपासनेचे साधन वाटते. परंतु भिन्न वर्गांतील श्रेष्ठांना एका शिडीवर चढवणे, किंवा यादी पूर्ण झाली असे मानणे, तिच्या पद्धतीत बसत नाही. वजनगट आणि काळ यांनी विभागलेल्या मल्लांच्या बाबतीत हा संयम विशेष उपयोगी आहे.

निकष अनेक असतील तर त्यांची बेरीज करून एकच क्रम काढावा, असे सुचवले जाते. ही बेरीज वाटते तितकी निर्धोक नसल्याचे फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ मध्ये मतदानाच्या संदर्भात दाखवले. त्याचा विचार फडाच्या भाषेत असा मांडता येईल. समजा, तीन मल्ल आहेत आणि तीन निकष आहेत. पहिल्या निकषाने क्रम पहिला, दुसरा, तिसरा असा लागतो. दुसऱ्याने दुसरा, तिसरा, पहिला असा. आणि तिसऱ्याने तिसरा, पहिला, दुसरा असा. आता तीनपैकी दोन निकषांनुसार पहिला दुसऱ्यापेक्षा सरस आहे, दोन निकषांनुसार दुसरा तिसऱ्यापेक्षा सरस आहे, आणि दोनच निकषांनुसार तिसरा पहिल्यापेक्षा सरस आहे. प्रत्येक निकष स्वतःपुरता सुसंगत असूनही बहुमताने काढलेला क्रम चक्राकार होतो आणि अव्वल स्थान कोणालाच मिळत नाही. याचा अर्थ वाद करणारे अडाणी किंवा हट्टी असतात असा नाही. त्यांच्यापैकी प्रत्येक जण विवेकाने बोलत असतानाही एकमत होणार नाही, अशी परिस्थिती खरोखर संभवते.

या अनुभवाला जैन दर्शनाने फार पूर्वी तत्त्वाचे रूप दिले होते, आणि ते दर्शन या भूमीला परके नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती हे जैन मंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये उभारले. अनेकान्तवाद म्हणजे वस्तू अनंत धर्मांची असून कोणतेही एक विधान तिचे समग्र स्वरूप सांगू शकत नाही, हा सिद्धान्त. आणि स्याद्वाद म्हणजे प्रत्येक विधान अमुक एका अपेक्षेने खरे आहे, अशी मर्यादा जाणून बोलण्याची शिस्त. ऑलिंपिक पदकाच्या अपेक्षेने खाशाबा जाधव अग्रगण्य आहेत, मातीवरील खुल्या गटाच्या अपेक्षेने खंचनाळे किंवा आंदळकर अग्रगण्य आहेत, असे म्हणणारा मनुष्य निर्णय टाळत नाही. तो आपल्या निर्णयाची कक्षा उघड करतो. स्याद्वादाचा अर्थ सर्व मते सारखीच खरी असा करणे मात्र चुकीचे होय. दिल्लीतील १९५९ ची लढत कोणी जिंकली, हेलसिंकीत पदक कोणत्या गटात मिळाले, या गोष्टी अपेक्षेवर अवलंबून नाहीत, आणि ज्या निकषाचा आधार घेतला त्या निकषावर चुकीचा ठरलेला दावा चुकीचाच राहतो. तथ्य निश्चित, निकष अनेक आणि म्हणून क्रम अंशतःच सिद्ध, अशी ही भूमिका आहे.

तथापि वाद कसा केला जातो, यावरही त्याचे नैतिक मूल्य अवलंबून असते. न्यायदर्शनात गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्याच्या हेतूने, प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे दोन पक्षांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी छल आणि फसव्या युक्तिवादांचाही अवलंब करणारी चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करत राहणे म्हणजे वितंडा. आपल्या तालमीचा किंवा आपल्या भाषेचा मल्ल आधी निवडून मग त्याला सोयीचा निकष शोधणारा शौकीन जल्प करतो. दुसऱ्याच्या मल्लाचा प्रत्येक विजय प्रतिस्पर्धी दुबळा होता असे सांगून खोडणारा शौकीन वितंडेत शिरतो. निकष आधी सांगून, तो आपल्या आवडत्या मल्लाच्या विरुद्ध गेला तरी मान्य करणारा शौकीनच खरा वाद करतो. सीमाभागात, जेथे भाषेचा आणि राज्याचा प्रश्न प्रत्येक विषयात शिरू पाहतो, तेथे ही शिस्त पाळणे अवघड आहे, आणि म्हणूनच ती पाळणाऱ्याची योग्यता अधिक आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न यापुढचा आहे : कर्तृत्वातील तारतम्य, म्हणजे कमी-अधिकपणाची श्रेणी, ही व्यक्तीच्या स्वरूपातीलही श्रेणी असते काय? तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या द्वैतमताने तारतम्याला तत्त्वज्ञानात मध्यवर्ती स्थान दिले. त्या मतानुसार जीवाजीवांत खरा भेद आहे, देवतांमध्येही श्रेणी आहे, आणि मोक्षातही प्रत्येक मुक्त जीवाचा आनंद त्याच्या योग्यतेप्रमाणे कमी-अधिक असतो. या सिद्धान्तातील थोर भाग असा की त्यात वरच्याविषयी आदर बाळगणे हे भक्तीचेच अंग ठरते आणि प्रत्येकाचा आनंद त्याच्यापुरता पूर्ण असल्यामुळे मत्सराला जागा उरत नाही. परंतु श्रेणी जीवाच्या अनादी स्वभावातच मुरलेली आहे, असे मानताच खालच्या पायरीवरील जीवाला पुढे जाण्याचा मार्ग मुळातूनच मर्यादित होतो. याउलट कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन ज्या कूडलसंगमावर कृष्णेला मिळते, त्या क्षेत्राशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या बाराव्या शतकातील बसवण्णांनी जन्माने ठरणारी उच्चनीचता नाकारली आणि कायक, म्हणजे निष्ठेने केलेले कष्टाचे काम, हे मनुष्याच्या प्रतिष्ठेचे अधिष्ठान मानले. फडातील श्रेणीला हा विचार लावल्यास असे म्हणावे लागते की शेवटच्या जोडीत लढणारा पोरगेला मल्ल आणि एक नंबरची कुस्ती करणारा नामांकित मल्ल यांच्या कौशल्यात अंतर आहे, परंतु पहाटे उठून आखाड्याची माती खणण्यात आणि घाम गाळण्यात दोघांची प्रतिष्ठा समान आहे.

परीक्षा आणि श्रेणी यांचा खरा हेतू काय असावा, हे वारकरी परंपरेतील एका प्रसिद्ध कथेत दिसते. संतमंडळी एकत्र जमली असता गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले, नामदेवांनी त्याबद्दल तक्रार केली आणि ते कच्चे ठरवले गेले, अशी ही कथा आहे. तिचे मर्म पुढच्या भागात आहे. कच्चे ठरलेले नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरुकृपा लाभली, आणि तेच पुढे भागवत धर्माचा झेंडा उत्तरेपर्यंत नेणारे झाले. त्या दिवसाचा क्रम खरा होता, पण तो अंतिम नव्हता. त्याने नामदेवांची योग्यता संपवली नाही, तिला वाट दाखवली. कोणत्याही क्षेत्रातील श्रेणी जर उणीव दाखवून वाढीस मदत करत असेल, तर ती धर्माला धरून आहे. आणि जर ती एखाद्याला कायमचे खालचे ठरवण्यासाठी वापरली जात असेल, तर तिच्या अचूकतेनेही तिचे समर्थन होत नाही.

मग निर्णय कधीच पूर्ण होणार नसेल, तर हा वाद करावाच कशासाठी, असा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर मलप्रभेच्याच खोऱ्यातील ऐहोळे येथे सापडते. तेथील मेगुटी जैन मंदिरावरील, इसवी सन ६३४ च्या सुमाराच्या शिलालेखात रविकीर्ती या कवीने दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती रचताना आपण कालिदास आणि भारवी यांची कीर्ती मिळवल्याचा दावा केला आहे. त्याचा दावा काव्यरसिकांनी किती मानला, हा प्रश्न आज गौण आहे. परंतु त्या तुलनेमुळेच कालिदास आणि भारवी सातव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दक्षिणेत कीर्तिमान झाले होते, याचा भक्कम पुरावा इतिहासाला मिळाला. तुलना करणारा ज्यांच्याशी तुलना करतो त्यांची स्मृती जपतो. मल्लांच्या लढती फार थोड्या लिहिल्या गेल्या आहेत. डाव, पकड, निकाल, मैदान आणि वस्ताद यांची माहिती बव्हंशी शौकिनांच्या बोलण्यातच टिकून आहे, आणि पहिला कोण हे सिद्ध करण्याच्या ओढीनेच ती वारंवार उजळली जाते. वाद थांबला तर क्रमाचा प्रश्न मिटेल, पण त्याबरोबर अनेक मल्लांची नावेही मिटतील.

म्हणून श्रेष्ठ मल्ल कोण, या प्रश्नाला एकच नाव उत्तर म्हणून देता येत नसले, तरी त्या प्रश्नाला सामोरे जाण्याची योग्य रीत सांगता येते. तथ्ये चोख ठेवावीत, निकष आधी उघड करावा, भिन्न गटांतील आणि भिन्न काळांतील मल्लांना एका शिडीवर चढवण्याचा हट्ट सोडावा, दुसऱ्याच्या मल्लाचे मोठेपण मान्य करण्यात आपल्या मल्लाची हानी समजू नये, आणि ज्यांची नावे कोणत्याच यादीत येत नाहीत त्यांच्या कष्टांचा मान राखावा. अशा रीतीने केलेला वाद अनिर्णित राहिला, तरी त्यात भाग घेणारे श्रेष्ठत्व ओळखण्यास अधिक समर्थ होतात. आणि श्रेष्ठत्व जेथे दिसेल तेथे, मग ते आपल्या गावाचे असो वा परक्या, त्याला निर्मत्सर मनाने नमस्कार करता येणे, हीच या वादाची सर्वांत मोठी फलश्रुती मानली पाहिजे.