प्रतवारी कुणाच्या हाती

भामरागडात चामड्याच्या पिशव्या, पट्टे आणि चपला करणाऱ्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो. एवढं जंगल आहे, गावोगाव गुरं आहेत, मग चामडं बाहेरून कशाला आणता? विचारणारे बहुधा हेमलकसा पाहायला आलेले पाहुणे असतात आणि प्रश्न वावगा नसतो. गुरं आहेत, मेलेल्या गुराचं कातडंही आहे. त्या कातड्याचं चामडं करणारे हात इथे नाहीत. चुन्यात भिजवून केस काढायचे, आतलं मांस खरवडायचं, मग साल आणि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं, तेल द्यायचं, वाळवायचं, घोटायचं. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः ढोर समाजाने केलं, त्या कामाचा वास सोसला आणि त्यापायी वाट्याला येणारा अपमानही सोसला. ज्यांच्या मुलांनी ते सोडलं त्यांना बोल लावण्याचा अधिकार चामडं वापरणाऱ्या कुणालाच नाही. कधीकधी दुसराही एक प्रश्न दबक्या आवाजात येतो, रानातल्या जनावराच्या कातड्याचा. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं उत्तर देऊन मी विषय बंद करतो.

तेव्हा माल येतो तो बाहेरून. कधी नागपूरच्या व्यापाऱ्याकडून, कधी कोल्हापुरातून, कधी तमिळनाडूतल्या राणीपेट-आंबूरच्या पट्ट्यातून रेल्वेने बल्लारशाहपर्यंत आणि पुढे आलापल्ली, ताडगाव करत मिळेल त्या गाडीने. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की तेवढंही थांबतं. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरच्या गावाला हे नवं नाही. लोक मीठ-तेल भरून ठेवतात, तसं मला मे महिन्यात चामडं भरून ठेवावं लागतं. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, जमिनीला टेकवायचं नाही, ऊन पडलं की बाहेर काढून बुरशी पुसायची, एवढी काळजी घेतली तर दिवाळीपर्यंत टिकतं. मात्र मे महिन्यात जे आलं त्यावरच भागवायचं असतं. माल पसंत पडला नाही म्हणून परत धाडण्याची सोय नसते.

हे मला जसं ठाऊक असतं, तसंच विकणाऱ्यालाही.

चामड्याची पारख कठीण नाही, ती हाताने करावी लागते एवढंच. एका अख्ख्या कातड्याचा पोत सगळीकडे सारखा नसतो. पाठीचा भाग घट्ट आणि दाट तंतूंचा, मानेवर सुरकुत्या, पोट आणि जांघेकडे सैल. पट्टा पाठीतूनच कापावा. पोटातला कापला तर थोड्याच दिवसांत भोकं लांबोडी होतात आणि गिऱ्हाईक शिलाईला दोष देतं. चामडं दुमडून पाहायचं. चांगल्यावर बारीक रेघा उमटतात आणि हात काढला की मिटतात. सैल चामड्याचा वरचा पापुद्रा आतल्या थरापासून सुटल्यासारखा फुगतो. बोटाने पाण्याचा थेंब लावायचा. बाभूळ-हिरड्याचं चामडं तो पितं आणि तेवढ्या जागी गडद होतं. वर रंगाचा जाड थर चढवलेला असेल तर थेंब तसाच बसून राहतो. कड कापून बघायची. क्रोममध्ये कमावलेल्या चामड्याच्या पोटात बहुधा निळसर राखाडी रेघ दिसते.

क्रोम वाईट असतं असं मात्र मी म्हणणार नाही. जगातलं बहुतेक चामडं आज त्यातच कमावलं जातं. काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं, चामडं मऊ राहतं, पाण्याला बरं टिकतं. पिशवीला मी तेच वापरतो. पट्ट्याची कड घोटून गुळगुळीत करायची असेल किंवा चपलेचा तळ हवा असेल तर ते कामाचं नाही, तिथे झाडाच्या सालीवर मुरलेलंच लागतं. लबाडी क्रोममध्ये नसते, एक म्हणून दुसरं विकण्यात असते. आणि मापातही असते. वरचं चामडं चौरस फुटावर विकतात, म्हणून ते ओढून-ताणून मोजण्याचा मोह. तळाचं चामडं किलोवर विकतात, म्हणून त्यात ओल आणि क्षार भरून ठेवण्याचा मोह. ते वाळलं की वजन जातं, आणि ते गेल्याचं मला भामरागडात कळतं.

यातली एकही परीक्षा फोनवरून होत नाही. फोटोत तर सगळीच चामडी देखणी दिसतात. एका व्यापाऱ्याने नमुना म्हणून पाठीचा सुरेख तुकडा पाठवला आणि गठ्ठ्यात पोटाचा माल निघाला. मी फोन केला तेव्हा तो रागावला नाही की ओशाळलाही नाही. ‘‘भाऊ, निर्यातवाले आधी निवडून घेऊन जातात, मग शहरातले दुकानदार. तुम्ही स्वतः आले असते तर तुम्हीही निवडून नेलं असतं,’’ असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याच्या बोलण्यात मला आजही खोट सापडत नाही. निवडायला जो हजर असतो त्याला चांगलं मिळतं, आणि जो हजर नसतो त्याला, तेवढाच दर मोजूनही, निवडून उरलेलं. दर्जा ही मालाच्या अंगची गोष्ट आहे असं आपण समजतो. रस्त्याच्या टोकाला राहिलं की दिसतं, तो कुणाला उलथापालथ करू देतात यावर ठरतो.

चामड्याइतकाच छळ बक्कलं आणि रिव्हेटांनी होतो. पितळी म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा वर मुलामा दिलेलं लोखंड असतं. चुंबक खिशात ठेवला तर दुकानातच कळतं. चुंबक बाहेर काढला की दुकानदाराचा चेहराही बघण्यासारखा होतो. कोरड्या गावात असलं बक्कल वर्षं काढील. इथल्या दमट पावसाळ्यात मुलामा खरवडला गेला की लोखंडाभोवती चामड्यावर शाईसारखा काळा डाग पसरतो. शाईसारखा म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड यांच्या संयोगातूनच आपल्याकडे काळी शाई आणि काळा रंग करत आले आहेत. डाग पुसून जात नाही. विचार केला की मौज वाटते, कारण इथून जवळच, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडचा डोंगर आहे, आणि तिथलं लोहखनिज ट्रकांच्या रांगांनी आलापल्लीवरून बाहेर जातं. बक्कल मात्र बाहेरून येतं, तेही कच्चं.

जिथे असल्या मालाने नुसती वस्तू बिघडते तिथे मी फार चिडत नाही. एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या, चपलांची गोष्ट वेगळी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग हा अजून जुन्या काळातला विषय झालेला नाही, आणि वरोऱ्याचं आनंदवन याच पट्ट्यात उभं राहिलं. या रोगात पायाची संवेदना जाते. खडा रुतला, वादी काचली, तळाचा खिळा वर आला, तरी पाय सांगत नाही. माणूस चालत राहतो, जखम वाढते, हाडापर्यंत जाते. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पायांचा अभ्यास करून दाखवलं की बोटं रोगाने झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. त्यातून ही चप्पल आली. आत बारीक छिद्रांचं मऊ रबर, खाली कडक तळ, वर वाद्या, आणि खिळा एकही नाही, सगळं चिकटवून आणि शिवून. रबर फार मऊ असलं तर चालून चालून चपटं होतं, कडक असलं तर उपयोग शून्य; म्हणून त्याचा कडकपणा मोजून ठरवलेला असतो. बाजारात तसंच दिसणारं साधं फोमचं रबर निम्म्या किमतीत मिळतं. नव्या चपलेत फरक डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याने दाबून सोडलं की एक लगेच वर येतं, दुसरं खळगा धरून बसतं. ज्याच्या पायाला काही कळत नाही त्याच्यासाठी हे दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याने कळून घ्यावं लागतं. इथे मी नमुन्यावर भागवत नाही, पत्रा अन् पत्रा दाबून घेतो, आणि तसं करू न देणाऱ्याकडून घेत नाही.

कच्चं बाहेर आणि पक्कं आत, या व्यवहारावर पूर्वी मोठ्या माणसांनी विचार केलेला आहे. १९३४ साली ‘हरिजन’मध्ये खेड्यातल्या कातडी कमावण्यावर लिहिताना गांधीजींनी हिशोब मांडला होता की देशातून वर्षाला ९ कोटी रुपयांचं कच्चं कातडं बाहेर जातं आणि त्यातलं बरंचसं तयार वस्तू होऊन परत येतं. पैशाबरोबर बुद्धीचंही नुकसान होतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे मेलेल्या गुरांची कातडी कमावण्याचा प्रयोग हयातभराच्या निष्ठेने चालवला. नालवाडी इथून काही फार लांब नाही. तो प्रयोग विदर्भभर का पसरला नाही याची कारणं पुष्कळ सांगता येतील. कातडं ओढण्याच्या कामाला चिकटलेली जात हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. चार ब्राह्मणांनी आश्रमात हात घातल्याने ती सुटत नाही.

कोल्हापूरचंही तसंच काहीसं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी ४ जिल्ह्यांना मिळून. २०२५च्या जूनमध्ये एका इटालियन कंपनीने मिलानमध्ये तिच्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा श्रेय कुणाचं यावर केवढा गदारोळ झाला. त्या गदारोळात मी चामड्याविषयी कुणी काही विचारतं का ते शोधत होतो. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हापासून म्हशीच्या कातड्यावर आणि परराज्यातल्या मालावर भिस्त वाढली. सालीवर कमावणारे कारखाने हाताच्या बोटांवर आले. आकार आणि नक्षी मानांकनाने राखता येईल. तळ कशाचा करायचा हा प्रश्न चपला करणाऱ्यांच्याच गळ्यात राहिला आहे.

आणि आता हिरडा. हा इथल्या जंगलात आहे. थंडीत गोळा होतो, अंगणात वाळतो, आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. त्याच्या वाळल्या सालीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा तुरट अंश असतो. सालीवर कातडं कमावताना तो वापरतात, तमिळनाडूच्या नामांकित चामड्यालाही शेवटचा हात हिरड्याचाच देत आले. इंग्रजी अमलात हा माल विलायतेला जाई तेव्हा त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या: भिमलीपट्टणमच्या बंदरावरून भिमली, जबलपूरवरून जबलपुरी, वेंगुर्ल्यावरून वेंगुर्ला. नाव बंदराचं किंवा बाजारपेठेचं. ज्या रानात फळ वेचलं त्याचं नाव कुठल्याच प्रतीला नव्हतं, कारण तिथे प्रतवारी होतच नसे.

आजही होत नाही. पिवळसर, टणक, फोडलं तर आतून भरीव असा हिरडा आणि पावसात भिजून काळा पडलेला, किडीने पोखरलेला हिरडा एकाच पोत्यात जातात. पाहुणे म्हणतात, या लोकांना दर्जाचं महत्त्व कळत नाही. तेंदूच्या हंगामात त्यांनी एकदा इथे यावं. ७० पानांचा पुडा बांधताना फाटकं, डागाळलेलं पान बाया न बघता नुसत्या बोटांनी बाजूला काढतात, कारण फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या जागी, मुनशी पुडा उलटून पाहतो आणि खराब निघाला तर टाकून देतो. तिथे निवडण्याला किंमत आहे, म्हणून निवड होते. हिरड्याला एकच दर. ओळखीच्या एका माडिया आत्याबाईंना मी विचारलं, चांगला वेगळा का ठेवत नाही? माझ्या मोडक्या माडियाला त्या हसल्या आणि मराठीतच म्हणाल्या, ‘‘वेगळा ठेवला तं तो दोन्ही एकात ओततो. मंग कायले ठेवू?’’ ओतणारा पुढे गोदामात बसून तोच माल चाळतो आणि चाळण्याचे पैसे कमावतो. मला पोटाचं चामडं पाठवणारा व्यापारी आणि हा, दोघे एकाच धंद्यात आहेत.

यंदा कोल्हापूरकडच्या एका कमावणाऱ्याशी, ज्याच्याकडून मी तळाचं चामडं घेतो, मी बोललो. निवडलेला हिरडा इथून थेट पाठवला तर घेशील का? दोन-चार पोत्यांसाठी एवढ्या लांबचं भाडं परवडणार नाही, हे दोघांनाही आधीच दिसत होतं. पण माझं चामडं घेऊन येणारी गाडी परतताना रिकामीच जाते, त्यामुळे निदान आलापल्लीपासून पुढचा हिशोब जमण्यासारखा आहे. आत्याबाईंच्या गटाला विचारलं तर त्यांचा पहिला प्रश्न दराचा नव्हता. काळा निघालेला हिरडा कुणी घ्यायचा, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. बाजारातला व्यापारी चांगला काढून घेतलेलं पोतं जुन्या दराने घेणार नाही, आणि का घ्यावं? कोल्हापूरचा माणूस मात्र तयार झाला. मी हौसेने वाळत घातलेल्या हिरड्याचे फोटो पाठवले होते. त्याने ते पाहिलेसुद्धा नाहीत. ‘‘दादा, फोटो नको, मूठभर माल पाठवा,’’ म्हणाला, ‘‘आणि पाठवताना निवडू नका, पोत्यात हात घालून येईल तो पाठवा.’’