राखेवर हात

सावकाश बसा. श्वासाला त्याच्या चालीने जाऊ द्या. डोळे मिटून मनाने मंगळाच्या पलीकडे जा, जिथे सूर्याचा उजेड पोचायला सुमारे २० मिनिटे लागतात.

तिथे व्हेस्टा आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यातली ही खडकाळ काया सरासरी ५२५ किलोमीटर रुंद. सूर्याभोवतीची तिची एक फेरी ३.६ वर्षांची, पण स्वतःभोवती ती पाच तास वीस मिनिटांत वळते. तुमची एक झोप होईतो तिथे दुसरा दिवस उजाडलेला असतो.

तिच्यावर अलगद पाऊल ठेवा. चाळीस किलोचे पोते इथे किलोभराचे वाटेल. सूर्य लहान दिसतो, ऊन कोवळ्यासारखे. घाई करू नका, थोडे थांबा.

दक्षिणेकडे वळा. समोर जो खड्डा पसरलाय तो सुमारे ५०० किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ तिच्याएवढाच. मधोमध वीसेक किलोमीटर उंचीचा डोंगर. एवढा घाव सोसून ती अखंड राहिली, यापाशी मी दर वेळी अडखळतो. तुम्हीही अडखळा.

१८०७ साली खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सना ती ब्रेमेनहून दिसली आणि गणितज्ञ गाउस यांनी तिला चुलीच्या रोमन देवीचे नाव दिले. तिच्या पोटात खरोखरच विस्तव होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

दक्षिणेतला तो खड्डा पाडणाऱ्या अशा आघातांत उडालेले तिचे तुकडे पृथ्वीवरही पोचले. १९९६ च्या जूनमध्ये राजस्थानात पिपलिया कलाँ इथे पडलेल्या दगडाचे कूळ तिच्याशी जुळते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी तो तपासला. त्यात त्यांना जास्तीचे मॅग्नेशियम सापडले, किरणोत्सारी ॲल्युमिनिअम-२६ विरून मागे उरलेले. हे ॲल्युमिनिअम दर सात लाख वर्षांनी निम्मे होत जाते, आणि विरताना ऊब देते. सूर्यमालेच्या पहाटे त्याच उबेने असे खडक आतून वितळले. व्हेस्टाच्या पोटात लोखंड तळाशी बसले, वर लाव्हा पसरला. मग जळण संपले. तेव्हापासून साडेचार अब्ज वर्षे ती निवत आली आहे.

जुन्या घरांत रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवत, सकाळी फुंकर घालायला. इथे फुंकर घालायला काही उरलेले नाही. तरी तळवा हळूच त्या करड्या जमिनीवर टेकवा. गार लागेल. लागू द्या. राहू द्या हात तिथेच, पुढचा श्वास येईतो.