नकाराची हमी

दहावीचा निकाल लागून अकरावीचे अर्ज भरायचे दिवस आले की एक प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतो. विचारणारी मुलगी बहुधा हुशार असते, घरची परिस्थिती बेताची असते, आणि प्रश्न घरच्याच बोलीत असतो : “मिस, मेरेकू आयसर मिलेगा क्या?” कधी आयसरच्या जागी आयआयटी असते, कधी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, त्यामुळे या गोष्टी मला ठाऊक असणार असे मुलींनी गृहीत धरलेले असते. मुलीशी खोटे बोलू नये हे तर झालेच. पण या प्रश्नाचे खरे उत्तर म्हणजे नेमके काय, हे आपण समजतो तितके सोपे नाही.

पहिली धाव आकड्यांकडे जाते. सन 2024 मध्ये जेईई मेन परीक्षेला सुमारे 14 लाख मुले बसली. त्यांतून अडीच लाखांना पुढची जेईई ॲडव्हान्स्ड देण्याची मुभा मिळाली. तिचे दोन्ही पेपर 1,80,200 जणांनी दिले, 48,248 उत्तीर्ण झाले, आणि सर्व आयआयटी मिळून जागा होत्या 17,740. म्हणजे शेवटच्या परीक्षेला बसलेल्या साधारण दहांत एकाला जागा. मग मुलीला सांगावे का, की बेटी, तुला दहांत एक संधी आहे?

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. आमच्या उर्दू पुस्तकात त्याला इहतिमाल म्हणतात. पिशवीत दहा चेंडू, एक लाल, नऊ काळे. न पाहता एक काढला तर तो लाल असण्याची संभाव्यता एक दशांश. हे गणित शिकवताना एक अट फळ्यावर ठळक लिहावी लागते : प्रत्येक चेंडू हाती लागण्याची शक्यता सारखी असली पाहिजे. ती अट मोडली की एक दशांश या उत्तराला अर्थ राहत नाही. मुले म्हणजे चेंडू नव्हेत. जिच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे राहतात ती मुलगी, आणि ज्याला आठवीपासून स्वतंत्र खोली आणि शिकवणी आहे तो मुलगा, हे दोघे एकाच पिशवीत सारख्याच वजनाने पडलेले नसतात. आपल्याला कोल्हापूरकर म्हणून जयंत नारळीकरांचा अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. 1938 साली त्यांचा जन्म याच शहरात झाला. पण ते वाढले बनारसला, आणि वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. गणित त्यांच्या घरात वावरत होते. जन्मगावाने कुणाची संभाव्यता वाढत नाही.

मग मुलीला योग्य गटात घालून मोजू, असे कुणी म्हणेल. कोणत्या गटात? सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात आयआयटींचा आकडा आहे : 27,161 विद्यार्थ्यांत मुसलमान 894. म्हणजे शंभरात तीन-सव्वातीन, आणि 2001 च्या जनगणनेत लोकसंख्येतले प्रमाण 13.4 टक्के. यात उर्दू माध्यम मिळवा, मुलगी असणे मिळवा, वडिलांची रिक्षा किंवा गॅरेज मिळवा. गट लहान होत जातो आणि उत्तर शून्याकडे सरकत जाते. हिशेब चुकलेला नसतो. पण त्या 894 च्या पलीकडे न पोहोचलेल्यांत अशाही मुली असतील, ज्यांनी माझ्यासारख्याच एखाद्या शिक्षिकेला हाच प्रश्न विचारला आणि “अपने लोगां का काम नहीं वो” असे उत्तर ऐकले. त्यांनी अर्जच भरला नाही. आमचा नकार त्या आकड्यात आधीच मिसळलेला आहे. तो आकडा वाचून आम्ही पुन्हा नकार देतो आणि वर म्हणतो, बघा, आकडेच सांगतात.

आकडा माणसाच्या कुवतीचा नसतो, हे ज्यांना पटत नाही त्यांनी आयआयटीतल्या मुलींकडे पाहावे. सन 2017 पर्यंत तिथे मुलींचे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास होते. 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या, आणि 2020 पर्यंत हे प्रमाण 20 टक्क्यांवर नेण्याचे ठरले. तीन वर्षांत या देशातल्या मुलींचा मेंदू दुप्पट झाला काय? मेंदू तेच होते, दाराची रुंदी बदलली. 2016 साली एखाद्या मुलीला “तुझी संधी फार कमी” असे सांगणारा माणूस तिच्याविषयी बोलतो आहे असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात तो दाराविषयी बोलत होता.

आम्ही ज्या कसबा बावड्यात राहतो तिथल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात 26 जून 1874 रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. महाराजांची घोड्यांची गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. सांगलीचे वकील अभ्यंकर यांनी त्यांना विचारले, की लायकी न पाहता राखीव जागा का देता? महाराज त्यांना पागेत घेऊन गेले आणि तोबऱ्यात वेगवेगळे खाणाऱ्या घोड्यांचे हरभरे एकाच जाजमावर ओतायला लावले. दांडगे घोडे तुटून पडले, शिंगरे आणि म्हातारे लाथा खाऊन बाजूला राहिली. ही गोष्ट आपण आरक्षणाची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरीही एक बाब दिसते. अशक्त घोड्याला हरभरे मिळण्याची शक्यता किती, हे महाराज मोजत बसले नाहीत. त्यांनी 26 जुलै 1902 च्या हुकुमाने नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा दिल्या, आणि त्या मागासलेल्यांत आपणही होतो. 1906 साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग काढले. त्या दिवसांत खेड्यातल्या एखाद्या मुस्लिम मुलाने “मी वकील होईन का?” असे विचारले असते, तर आकड्यांचे प्रामाणिक उत्तर काय आले असते, ते सांगायला नको.

इथे माझे एक सहकारी मला अडवतात, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. ते म्हणतात, “उमेद देणे तुम्हाला फुकट पडते, किंमत घरचे मोजतात.” हे खरे आहे. मुलीच्या शिकवणीसाठी आईच्या बांगड्या गहाण पडतात. मोठ्या भावाचे शिक्षण थांबते. कोटा शहरात शिकणाऱ्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. दुसऱ्यांदा हुकली की त्या घरात जे शांत होते ते मी पाहिलेले आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका आणि गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नका, असे त्यांत आहे. उत्तम झाले. ‘हो’ची हमी देणे हा व्यापार आहे.

पण ‘नाही’ची हमी? ती द्यायला कुठल्याही तत्त्वाने मनाई केलेली नाही, आणि ती आम्ही शिक्षक रोज देतो, फी न घेता. या दोन हमींत एक मोठा फरक आहे. खोटा ‘हो’ परीक्षेच्या निकालात उघडा पडतो, लोक येऊन जाब विचारतात. खोटा ‘नाही’ कधीच उघडा पडत नाही, कारण ती मुलगी परीक्षेला बसतच नाही. ती कला शाखेला जाते किंवा डी.एड.चा अर्ज भरते, दोन वर्षांनी तिचा निकाह होतो, आणि शिक्षिकेचा अंदाज बरोबर ठरतो. हवामानखात्याने पाऊस सांगितला म्हणून पाऊस पडत नाही. शिक्षकाचे भाकीत मात्र मुलीच्या हातातली पेन्सिल खाली ठेवते. ज्या भाकिताने निकालच बदलतो त्याला भाकीत म्हणता येत नाही, ती आपली करणी असते, आणि तिची जबाबदारी आकड्यांवर ढकलता येत नाही.

मुलींच्या आया म्हणतात, “नसीब में होगा तो मिलेगा.” त्यांच्या तोंडी हे शोभते, कारण त्यांनी त्यांच्या हातातले सगळे केलेले असते. उंटाला दावे बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले आहे. शाळेने दावेच दाखवले नाही आणि नसीब सांगितले, तर तो तवक्कुल होत नाही.

म्हणून सहकाऱ्यांना मी म्हणते, ‘हो’ही नको आणि ‘नाही’ही नको. मुलीने शक्यता विचारली तर तिला वाट सांगावी, आणि ती खर्चासकट आणि खड्ड्यांसकट सांगावी. विज्ञान म्हणजे एकटी आयआयटी नव्हे. पुण्याची आयसर 2006 साली सुरू झाली, बंगळूरच्या संस्थेने 2011 पासून बारावीनंतरचा अभ्यासक्रम सुरू केला. आयसरची चाचणी वेगळी असते : जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांचे पंधरा-पंधरा प्रश्न, वेळ तीन तास. ही परीक्षा आहे हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसते. बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी अशा इतर मागासवर्गात येणाऱ्या घरांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठल्या तरी गावच्या दप्तरात असतो, त्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते, आणि तिथून खेटे सुरू होतात. शिवाय नॉन-क्रीमी लेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा लागतो. राज्याचा दाखला घेऊन निश्चिंत बसलेली घरे मला ठाऊक आहेत. हे सगळे दहावीलाच सांगितले तर दोन वर्षे हाती राहतात.

आणि भाषा. 2021 पासून जेईई मेन तेरा भाषांत होते, त्यांत उर्दू आहे आणि मराठीही आहे. म्हणून घरचे निर्धास्त होतात. पुढची ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते, आणि अकरावी-बारावीचे विज्ञान आपल्याकडे इंग्रजीत शिकवतात. दहा वर्षे ‘इसराअ’ म्हणत आलेल्या मुलीला जूनमध्ये अचानक ‘ॲक्सिलरेशन’ भेटते. ती वर्गात गप्प बसते, आणि ती कच्ची आहे असे नव्या प्राध्यापकांना वाटते. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेव्हा विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवायचे ठरले होते, त्यासाठी खास भाषांतर विभाग होता. आपल्या मराठवाड्यातली मुले तिथे शिकली. तेव्हा या भाषेला विज्ञान पेलत नव्हते असे नाही. पण ती वाट आज उपलब्ध नाही, हेही मुलीला सांगायला हवे.

नववीपासून मी मुलींना वहीत रकाने आखायला लावते : उर्दू, मराठी, इंग्रजी. ‘जौहर’, अणू, ॲटम. ‘सालमा’, रेणू, मॉलिक्यूल. हिंदीतून पेपर देण्याचा विचार असलेल्या मुलींना चौथा रकाना लागतो, आणि तिथे सावध राहावे लागते, कारण मराठीतला अणू म्हणजे ॲटम, आणि हिंदीतला अणु म्हणजे मॉलिक्यूल. देवनागरी ओळखीची आहे म्हणून एखादी मुलगी धडाधड वाचत जाईल आणि सोपे गणित चुकेल. हा रकाना यंदा मी आठवीतच सुरू केला आहे.